फ्रीजमधली किल्ली

आमच्या साहेबाने सामानाची यादी आणली, ती चार पानी. साहेब म्हणजे आमच्या वर्गातला दिग्दर्शक. वय वीस, आव साठीचा. सिनेमा दहा मिनिटांचा: एक जोडपं स्वयंपाकघरात बसून हळू आवाजात भांडतं, बस्स. त्यासाठी तीन लेन्स, कॅमेरा सरकवायचे रूळ आणि धुराचं यंत्र. स्वयंपाकघरात धूर कशाला, तर म्हणे वातावरण. हे उत्तर भिंगचं, म्हणजे आमच्या कॅमेरावाल्याचं. चौथ्या पानाच्या तळाशी एक ओळ होती, 'आवाज: कानसेन बघेल.'

कानसेन म्हणजे मी. हळू आवाजातलं भांडण धुरात दिसलं नाही तरी चालेल, ऐकू मात्र आलं पाहिजे, एवढी साधी गोष्ट या दिवट्यांच्या डोक्यात शिरत नव्हती.

"तुझी यादी वाच ना," साहेब म्हणाला.

माझी यादी एका पानाची. माइक, त्याची काठी, जादा बॅटऱ्या, उघड्या भिंतींवर टांगायला चार ब्लँकेटं. घड्याळ उतरवणे. पंखा बंद. फ्रीज बंद, किल्ली आत.

"तुम्हाला नाही कळायचं," म्हणत मी वही मिटली.

किल्लीची युक्ती आमच्या सरांनी शिकवलेली. फ्रीजची घरघर एकदा आवाजात शिरली की धड निघत नाही, म्हणून कामापुरता तो बंद करायचा आणि आपल्या गाडीची किल्ली त्यात ठेवायची. घरी जायचं तर किल्ली हवी, किल्लीसाठी फ्रीज उघडावा लागतो आणि उघडला की बटण आठवतंच. इतकी साधी युक्ती, पण ती या दोघांना सांगणं माझ्या जिवावर आलं.

स्वयंपाकघर माझ्या ताईचं. तिचं बाळ वेळेच्या फार आधी जन्मलं होतं. महिनाभर ते हॉस्पिटलमध्ये काचेच्या पेटीत होतं आणि ताई-भावोजी दिवसभर तिथेच. बाळ नळीने चमचाभर दूध घ्यायचं. उरलेलं ताई बाटल्यांत भरून, तारीख घालून फ्रीजरमध्ये ठेवायची.

"घर खुशाल वापरा," ती म्हणाली, "पण फ्रीजर सांभाळ गं. आता मला दूध येईनासं झालंय. जे आहे ते त्या बाटल्यांत."

"माझ्यासारखी सांभाळणारी तुला शोधून सापडणार नाही," मी म्हणाले. दार न उघडता दोन-चार तास फ्रीजर बंद राहिला तर दूध वितळत नाही, हे मी आधीच विचारून घेतलं होतं.

सकाळी अकराला मी बटण बंद केलं आणि स्कूटरची किल्ली खालच्या कप्प्यात ठेवली. कुणाच्या लक्षात आलं नाही. येणार कसं? दोघंही रुळांपाशी उकिडवे बसले होते. रूळ करकरले, मी काम थांबवलं. धुराने नटीला ठसका लागला, पुन्हा थांबवलं. यांच्या वातावरणापायी दुपारचे चार वाजले. आवाज मात्र इतका स्वच्छ आला की नटीने गिळलेला आवंढासुद्धा ऐकू येत होता.

सामान पाचच्या आत कॉलेजात परत करायचं होतं, त्यामुळे एकच धावपळ उडाली. मी वायरी गुंडाळून खाली आले, तर माझी स्कूटर फाटकासमोरून बाजूला काढलेली आणि किल्ली तिलाच लावलेली. आज पहिल्यांदाच यांनी अक्कल चालवली, असं पुटपुटत मी निघाले. रस्ताभर मनातल्या मनात त्या रुळांवर तोंडसुख घेत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला. "ये इकडे," एवढंच म्हणाली.

फ्रीजखाली पाण्याचं थारोळं होतं. सगळ्या बाटल्या ओट्यावर मांडलेल्या. मी एकीला हात लावला, कोमट लागली. तिथूनच साहेबाला फोन लावला.

"टेम्पो आत घ्यायचा होता, तुझी स्कूटर आडवी," तो म्हणाला. "किल्ली कुठे मिळेना. पाणी प्यायला फ्रीज उघडला तर त्यात! आम्ही म्हटलं, वेंधळेपणाने ठेवली असेल. तुला सांगितलं असतं तर उगाच भडकली असतीस."

"आत दिवा लागला नाही, ते दिसलं नाही?"

"बल्ब गेला असेल वाटलं. तू बंद केलायस, हे आम्हाला काय माहीत?"

मी फोन ठेवला. "गाढव आहेत दोघं!" मी म्हणाले. "शुद्ध गाढव!"

ताई एकेका बाटलीवरची तारीख वाचून दूध सिंकमध्ये ओतत होती. रडत नव्हती. तिने रडावं, मला चार शिव्या घालाव्यात, असं मला फार वाटत होतं.

"किल्ली तिथे का आहे, ते त्यांना सांगितलं होतंस?" तिने विचारलं.

उत्तर होतं माझ्याकडे. त्या दिवशी वही मिटताना किती ऐटीत दिलं होतं. आता ते तोंडातून बाहेर पडेना.

"ही पहिल्या आठवड्यातली," ताई म्हणाली आणि तिने झाकण उघडलं.