वाघालाही संशय आला

"हे तुमाले पटणार नाई," मी म्हणालो, "पण मले एकदा वाघानं घरी वापस पाठवलं."

बायनाबाईच्या अंगणात आम्ही वाळलेल्या मोहफुलांतला कचरा निवडत बसलो होतो. झिंगू आधीच हसायला लागला. माझ्या थापा पार गोंडपिपरीपर्यंत ठाऊक आहेत. पण आज मला एकाच माणसाला गोष्ट ऐकवायची होती. कुंपणाला टेकून बसलेल्या लच्छूला.

लच्छूवर सगळ्यांची नजर होती. वाघाच्या भीतीनं आम्ही मोह वेचायला टोळीनं, आरडाओरडा करत जातो. हा आठ दिवस एकटाच जायचा आणि टोपली रिकामी घेऊन यायचा. झिंगू म्हणे, गुप्तधन उकरते. दुसरा म्हणे, शिकाऱ्यांना सामील आहे. बायनाबाईला करणीचा वास येत होता. संशय मलाही होता, पण वेगळा. त्याची काठी आठ दिवस दारामागंच उभी होती. जंगलात काठी न घेता कोण जातं, ते मला माहीत आहे. एका चैत्रात मीही तसाच गेलो होतो.

म्हणून सांगत सुटलो. घरात धान होतं, सून गुणाची होती, तरी घास उतरेना. सकाळ झाली की छातीवर धोंडा. सांगावं तर लोक येडा म्हणतील. मग निघालो आणि नाल्यावरच्या पाणवठ्याशी जाऊन बसलो. वाघानं नेलं म्हटल्यावर घराला कोणी बोल लावणार नाही, असा माझा शहाणपणा.

वाघ आला. बैलाएवढा. तीन चकरा मारल्या, माझी मिशी हुंगली, पण तोंड लावेना. त्याला वाटलं, माणूस पळत नाही, ओरडत नाही, म्हणजे नक्की वनखात्याचं आमिष. शेवटी म्हणाला, "लहानूभाऊ, चंद्रपूरच्या दवाखान्यात मनाचा डॉक्टर बसते. पहिले त्याले दाखव."

"मराठीत बोलला?" झिंगूनं विचारलं.

"मंग? इथलाच होता तो. पुण्याचा थोडाच."

गेलो. डॉक्टरनं सरळ विचारलं, मरावंसं वाटते का? इतकं उघड मला कोणी विचारलंच नव्हतं. हो म्हणालो आणि त्याच्यासमोर ढसाढसा रडलो. त्यानं बोलतं केलं, गोळ्या दिल्या. आठ महिने घेतल्या.

"येड्याच्या गोळ्या का, भाऊ?" बायनाबाईनं हळूच विचारलं.

"तुया शुगरच्या असते ना, तशाच. येडा म्हणायचं असन तर म्हण. जिता तर आहो."

झिंगू हसत होता. लच्छूनं हातातली फुलं खाली ठेवली.

"खोटं सांगून राह्यले तुमी," तो म्हणाला. "त्या पाणवठ्यावर वाघ येतच नाई. आठ दिस झाले, मी तिथीच बसून राह्यलो."

झिंगूचं हसू थांबलं. लच्छू माझ्याकडेच पाहत होता.

"डॉक्टर तरी खरा आहे का, भाऊ?"