सुरक्षा विभागाची बचत

सोनपेठ रस्त्यावरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये सुरक्षा विभागानं एका महिन्यात नव्याण्णव टक्के वीज वाचवली. पुण्याहून आलेल्या मॅडमनी टाळ्या वाजवल्या, मालकांनी स्टीलची बाटली दिली. पण हे अजून झालंच नाही असं धरून चालू. कारण एप्रिलच्या सुरुवातीला सुरक्षा विभागाकडे वाचवायला वीजच नव्हती. विभागात एक लिंबाजी वॉचमन होता आणि एक बल्ब.

"अजून काय हाय?" हरिओमनं दारातूनच विचारलं.

"अजून केशर हाय," लिंबाजी म्हणाला. "पर ती विजेवर न्हाई चालत."

बाजेवर बसलेली त्याची बायको केशरबाई हसली आणि हसल्यामुळे खोकायला लागली. हरिओम ती थांबेपर्यंत थांबला. थोडा वेळ लागला.

हरिओम जिनिंगचा हिशेब बघायचा. त्याला कॉम्प्युटर येतो म्हणून मालकांनी, म्हणजे दिनकररावांनी, त्याला नेट झिरो अधिकारी केलं होतं. पगार तोच, खुर्ची तीच, फक्त रविवार गेला. इथल्या कापसाच्या गाठी तमिळनाडूतल्या सूतगिरणीला जायच्या, तिचं सूत परदेशातल्या शर्टाच्या कंपनीला. त्या कंपनीनं ठरवलं होतं की आपल्या शर्टामागं धूर नको; त्यालाच नेट झिरो म्हणायचे. ते ठरवणं समुद्र ओलांडून, तमिळनाडूहून वर चढत, आता लिंबाजीच्या पत्र्याच्या खोलीत येऊन उभं होतं.

"मामा, समद्या विभागांनी तीस टक्के वीज कमी करायची हाय. एक बी राहिला तर सर्टिफिकेट अडकतंय."

"मंग बल्ब काढून न्या."

"विम्यावाले गेटवर उजेड मागतेत."

"मंग थोडा थोडा लावतो."

हरिओमनं खरंच विचार केला. मग मान हलवली. बल्ब थोडा थोडा लागत नाही.

बाकीच्या विभागांचं सोपं होतं. त्यांनी आजवर मोकळ्या हातानं वीज उडवली होती. प्रेसच्या जुन्या मोटारी बदलल्या, हवेच्या पायपांतली गळती बुजवली, मशीनचे ढिले पट्टे ताणले, गोदामाच्या छताला उजेडासाठी पारदर्शक पत्रे टाकले. मालकांच्या केबिनमधला भिंतीतला धुडासारखा एसी काढून कमी वीज खाणारा बसवला. ज्यानं जास्त उडवली होती त्याची जास्त वाचली. लिंबाजीनं काहीच उडवलं नव्हतं, त्यामुळे जिनिंगमधला सगळ्यात मागास विभाग तोच ठरला.

त्याच्याकडे पंखासुद्धा नव्हता. म्हणजे होता, पण लावता यायचा नाही. यार्डातून उडणारी रुईची धूळ खोलीभर बसायची आणि पंखा लावला की तीच धूळ उठून केशरबाईच्या छातीत जायची. राणीसावरगाव सोडून दोघांनी बरीच वर्षं ऊस तोडला. तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. मग ती या जिनिंगमध्ये मशीनपुढं कापूस लोटायला लागली. दम लागायला लागला तेव्हा काम सुटलं आणि ती अर्ध्या कोयत्यावरून सुरक्षा विभागात, म्हणजे कुठंच मोजली जाणार नाही अशा ठिकाणी, आली. गंगाखेडच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, धुळीपासून लांब राहा, दार बंद ठेवा. दार बंद ठेवलं की वर पत्रा, एप्रिलचा. दार उघडलं की धूळ. दिवसभर दोघांचं दार उघडू की लावू एवढंच चालायचं.

दोन दिवसांनी हरिओम परत आला. सोबत वायरमन, हातगाडीवर मालकांचा जुना एसी आणि मागं स्वतः मालक.

"हे काय?"

"बचत," हरिओम म्हणाला. "मामा, तुमचा मीटर आता नवा बसायलाय, म्हणून तुमची एप्रिलमधी जेवढी वीज जाईल तेवढी कागदावर धरायची. मेमधी त्याच्यातून कमी करायची. आता तुमची जातच न्हाई तर कमी कुठून करावं? म्हणून आधी वाढवायची."

"मंग मेमधी?"

"मेमधी बंद."

"आन् पुण्याच्या तपासणीच्या मॅडम इचारल्या तर?"

"मॅडमला पुण्यातून आकडा दिसतो. खोली न्हाई दिसत."

लिंबाजीनं मालकांकडे पाहिलं. दिनकरराव उन्हात टोपी सारखी करत उभे होते. "लिंबाजी, रातंदिवस चालू पाहिजे," ते म्हणाले. "हयगय केलेली चालणार न्हाई." वीज जाळण्यावरून हयगय करू नको असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी बजावत होतं.

भिंतीच्या पत्र्याला भोक पाडून एसी बसला. चालू झाला तेव्हा सगळी खोली थरथरली. मागच्या बाजूनं गरम वाफ यायला लागली, तसा तिथं झोपणारा कुत्रा उठला आणि काटेरी बाभळीखाली गेला. नेट झिरोमुळं विस्थापित झालेला जिनिंगमधला तो पहिला. भाव वाढेल म्हणून घरात दाबून ठेवलेला कापूस घेऊन शेतकरी आता यायला लागले होते. गेटवर ट्रॅक्टरची रांग असायची आणि रांगेतला प्रत्येकजण एसीकडे बघायचा.

"वॉचमनला एसी," एकजण म्हणाला, "आन् आमाला भाव देतानी मालकाचे हात थरथरतेत."

"कंपनीचं हाय," लिंबाजी म्हणायचा. "मी फकस्त चालवायलोय."

पहिले दोन दिवस केशरबाई घोंगडी पांघरून बसली. "पाय गारठायलेत. हे बंद करा."

"मालकानं सांगितलंय."

"मालकाचे पाय हायत का?"

तिसऱ्या दुपारी लिंबाजी गेटवर ट्रकचा नंबर लिहून घेत होता. लिहिता लिहिता थांबला. काहीतरी राहिल्यासारखं वाटलं. ट्रकवाला म्हणाला, "काय झालं मामा?" लिंबाजीला सांगता येईना. मग कळलं, खोकला ऐकू येत नव्हता. इतक्या वर्षांत तो सतत मागं वाजत असायचा आणि आता नव्हता. त्यानं पेन तिथंच टाकलं, गुडघा धरत धावत गेला आणि दार उघडलं.

केशरबाई उताणी झोपली होती. तोंड थोडं उघडं, छाती सावकाश वर-खाली होत होती. तो तिच्याकडे बघत उंबऱ्यातच उभा राहिला.

"दार लावा," ती डोळे न उघडता म्हणाली. "गार जायलंय."

तो परत गेटवर आला. ट्रकवाल्यानं विचारलं, "काय झालं?"

"काई न्हाई. झोपलीय."

"मंग रडायलाव कामून?"

"धूळ हाय," लिंबाजी म्हणाला. जिनिंगच्या गेटवर हे कुणालाही पटतं.

तो महिना केशरबाई झोपली. दुपारी झोपली, रात्री झोपली, ट्रक उभे असताना झोपली. गालावर थोडी चकाकी आली. एकदा तिनं बसून अख्खी भाकरी थापली, मध्ये न थांबता, आणि लिंबाजीनं ती भाकरी गरज नसताना हळूहळू खाल्ली.

एक मे आला. सकाळी झेंडावंदन झालं, नंतर हरिओमनं येऊन बटण बंद केलं. खोली एकदम गप्प झाली. दुपारपर्यंत पत्रा तापला आणि संध्याकाळी खोकला परत आला.

"कवा लावतेत आता?" केशरबाई विचारायची.

"महिना संपू दे. मोजणी व्हायलीय."

"मोजून झालं की?"

"झालं की इचारतो."

तिनं महिना काढला. दार उघडत, लावत. मेच्या मधल्या आठवड्यात ती बसूनच झोपायला लागली, आडवं झालं की जमत नव्हतं. लिंबाजी ओलं गोणपाट दारावर टाकायचा आणि घटकेत ते वाळायचं. एसी भिंतीत तसाच होता. एकदा रात्री त्याचा हात बटणापर्यंत गेला. खाली नवीन मीटर बसवला होता आणि त्याचा लाल ठिपका लुकलुकत होता. त्यानं हात मागं घेतला. एका विभागामुळं अख्ख्या जिनिंगचं अडकलं असतं, आणि विभाग म्हणजे तो एकटाच होता.

महिन्याअखेर कार्यक्रम झाला. पुण्याच्या अर्पिता मॅडमनी पडद्यावर रेघ दाखवली. ती एप्रिलभर डोंगरासारखी होती आणि मेमध्ये धरणीला टेकली होती. "इतकी बचत मी कुठंच पाहिली नाही," त्या मनापासून म्हणाल्या. "मामा, हे तुम्ही कसं साधलं, सगळ्यांना सांगा."

लिंबाजी उभा राहिला. माईक त्याच्यापासून जरा लांब होता.

"बंद केला," तो म्हणाला.

टाळ्या झाल्या. मॅडमनी ते वाक्य लिहून घेतलं.

कार्यक्रम आटोपल्यावर त्यानं हरिओमला गाठलं. "आता लावायचा का?"

हरिओमनं चहाचा कप खाली ठेवला. "मामा, एसी उद्या भंगारात जायलाय. त्याच्यातला गॅस वाईट हाय म्हणं. भंगारवाल्याचं बी सर्टिफिकेट लागतंय."

"ऱ्हाऊ द्या की. मी दुपारचाच लावीन."

"तुमी आता मिसाल हाव. तुमचा फोटो परदेशात जाणार. मिसालीला एसी चालत न्हाई."

"केशरला चालत होता."

हरिओम ऑफिसकडे वळला, लिंबाजी मागोमाग. त्यानं महिनाभर गेटवरून येता-जाता तो खोकला ऐकला होता. शेवटी त्यानं कॉम्प्युटर चालू केला.

"काई व्हायचं न्हाई, पर अर्ज देऊ. सांगा, काय लिहू?"

लिंबाजीनं सांगितलं. हरिओमनं ते ऑफिसच्या भाषेत बसवलं, छापलं आणि लिंबाजीनं सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाल्याची गाडी एसी घेऊन गेली. पत्र्याच्या भोकातून उजेडाचा चौकोन केशरबाईच्या अंथरुणावर पडला. अर्ज मालकांच्या टेबलावर, सर्टिफिकेटच्या फ्रेमखाली, होता. त्याचा शेवटचा परिच्छेद असा:

"तरी महोदयांस विनंती की, सुरक्षा विभागास पुढील उन्हाळ्यातही वीज वाया घालवण्याची परवानगी देण्यात यावी. वाया घातलेली सर्व वीज अर्जदार त्यापुढील महिन्यात प्रामाणिकपणे वाचवून देईल. तथापि, वाया घालवण्याचा महिना मे हा धरण्यात यावा, व बचतीचा महिना अर्जदाराच्या पत्नीस झेपेल असा, शक्यतो डिसेंबर, धरण्यात यावा."