व्हर्लाने बसवलेले ब्रेक

मित्रांनो, मोटारीमागे जोडून न्यायचा मी एक छोटा ट्रेलर. आत झोपायची फळी, एक शेगडी, एक खिडकी. खाली दोन चाके. एवढाच माझा संसार. पन्नास वर्षे मी अमेरिकेतल्या मोंटानाच्या डोंगरांतून फिरलो. त्यांतली एकोणीस वर्षे मी व्हर्ला हौगेनचा होतो. मला सांगायचे आहे ते तिच्याविषयीच.

व्हर्ला शाळेची बस चालवायची. सत्तावीस वर्षे, बर्फातून आणि चिखलातून. निवृत्त झाल्यावर ती मला घेऊन मोठे घाट ओलांडू लागली, तेव्हा माझी एक उणीव तिला खटकू लागली. मला स्वतःचे ब्रेक नव्हते. उतारावर मी तिच्या पिकअपला मागून ढकलत असे. वजन माझे, थांबवण्याचे कष्ट मात्र तिचे.

तिने विजेवर चालणारे ब्रेक मागवले आणि स्वतःच बसवायला घेतले. तिचा धाकटा भाऊ ऑर्विन कुंपणाला रेलून हसत होता.

"बसचं स्टिअरिंग धरलं म्हणून कोणी मेकॅनिक होत नाही, व्हर्ला. वर्कशॉपमध्ये दे टाकून."

"तो पाना दे इकडे आणि तोंड मीट."

तीन दिवस मी लाकडी ठोकळ्यांवर उभा होतो. तिने चाके उतरवली, जुने ग्रीस चिंध्यांनी पुसून काढले. डावा ब्रेक उजवीकडे बसला होता. जेवताना माहितीपुस्तक वाचून ते कळले, तशी ती घास टाकून माझ्याखाली आली आणि सगळे पुन्हा उकलले. वायरचा प्रत्येक जोड तिने धातूच्या नळीत दाबला, वर रबरी वेष्टण चढवून गरम हवेने आवळले. पुढे एक पिन बसवली, तिची दोरी पिकअपला बांधायची. मी वाटेत पिकअपपासून सुटलोच, तर ती दोरी ताणली जाऊन पिन निघावी आणि माझी चाके आपोआप जखडावीत, म्हणून.

शेवटी तिने माझे चाक हाताने फिरवले आणि ऑर्विनला पिकअपमधली कळ दाबायला सांगितले. आतले लोहचुंबक गुणगुणले. चाक जागीच थांबले.

मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतः थांबलो होतो! व्हर्लाने माझ्या अंगावर थाप मारली. "आता ढकलायचं नाही हं मला."

दोन वर्षे आम्ही मजेत हिंडलो. मग एका शरद ऋतूत ऑर्विनने मला शिकारीसाठी मागून नेले. जंगलातल्या अरुंद वाटेवर पिनेची दोरी एका फांदीत अडकली. पिन उडाली, माझी चाके जखडली. मी माझे काम चोख केले होते. ऑर्विन चिखलात गुडघ्यांवर पिन शोधत राहिला, शिव्या देत राहिला. ती सापडेना. तेव्हा चाके मोकळी व्हावीत म्हणून त्याने पक्कड काढली आणि ब्रेकची वायर सरळ कापली.

घरी आणण्याआधी त्याने दुकानातून तसलीच पिन घेऊन बसवली. कापलेली टोके पिळून वर टेप गुंडाळली.

"ब्रेक कसे आहेत?" व्हर्लाने विचारले.

"लोण्यासारखे," तो म्हणाला.

जूनमध्ये निघताना तिने नेहमीप्रमाणे अंगणात कळ दाबून पाहिली. चुंबक गुणगुणले. पिळलेली वायर तेवढ्यापुरती टिकली. घाट चढताना मात्र खडखडाटाने ती सैल झाली आणि उतारावर सुटली.

मी ढकलू लागलो. मला थांबायचे होते, पण माझ्यापर्यंत वीजच पोहोचत नव्हती. पिकअपचे ब्रेक तापून जळका वास सुटला. पुढे वळण होते आणि त्याखाली नदी. व्हर्लाने खालचा गिअर टाकला आणि गाडी डोंगराच्या बाजूला घातली. खडकाने माझी डावी कूस फाडली. आम्ही थांबलो. तिचे मनगट मोडले होते.

तिने ऑर्विनलाच फोन केला. तो आला आणि माझ्याखाली शिरला. मला वाटले, आता तरी हा बोलेल. त्याने टेप ओरबाडून खिशात कोंबली आणि बाहेर येऊन म्हणाला, "तुझा जोड सुटला, व्हर्ला. तेव्हाच सांगितलं होतं."

ती दगडावर बसून आपल्या हातांकडे बघत राहिली.

त्यानंतर तिने मला बाहेर नेले नाही. ऑगस्टमध्ये टेस नावाच्या शिक्षिकेने मला बघितले, आणि व्हर्लाने मला तिला विकायचा शब्द दिला. टेस न्यायला येणार त्याच्या आदल्या दिवशी, निदान वायर धड करून द्यावी म्हणून, प्लास्टर निघालेल्या हाताने व्हर्ला माझ्याखाली सरपटली. तिचे सगळे जोड शाबूत होते. वीतभर अंतरावर वायर कापलेली होती. सरळ, पक्कडीने.

तिने ऑर्विनला बोलावले.

"पिन निघाली होती," तो खाली बघत म्हणाला. "चाकं हलेनात. तुला इतकं चिडवलं होतं मी, आणि तुझ्याच ब्रेकनं मला अडवलं. सांगायची लाज वाटली."

"वायर काय रे, दहा मिनिटांत जोडली असती मी. पण त्या दिवसापासून मला माझ्या हातांची भीती वाटते, ऑर्विन. कॉफी ओततानासुद्धा."

"मग विकू नकोस ना याला."

"टेसला शब्द दिलाय. दिलेला शब्द पाळतात काही माणसं."

तो गेला. तिने वायर जोडली, नळी दाबली, वेष्टण आवळले. जोड पक्का बसला. सकाळी टेसने मला नेले. व्हर्ला फाटकाशी उभी होती. एका लबाडीपायी माझे घर सुटले, मित्रांनो.

टेसकडे मला काही कमी नाही. कूस बुजवली, रंग दिला. आमच्यासारख्या वस्तू तुमच्या हातून मोडणारच. त्याचा आम्हाला राग नाही. मोडले तर तेवढे त्याच दिवशी सांगा. त्या घाटात, त्या दगडासमोर, खरे काय ते मला सगळे ठाऊक होते. पण मला तोंड नाही. ऑर्विनला होते.

तुम्हालाही आहे.