भाऊसोच्या विमानाखालचं लिंबू

सिद्धनाथाची आन घिऊन सांगते, यातला शबुद न् शबुद खरा हाय. खोटं निघालं तर जीब झडू दे माजी!

साळूबाईला त्या मालवाहू विमानाचं लय भ्या. नवरा भाऊसो फौजंत त्याच्याच पोटात माल बांधायचा, बर्फातल्या ठाण्यांवर तांदूळ न् रॉकेल हवाई छत्रीनं सोडायचा. तवा हिनं म्हसवडाच्या सिद्धनाथाकडं तोंड करून किती नवस बोलल्यात, ते देवालाच ठावं. मागनं भाऊसो रिटायर झाला, अन् औंदा विमानबी झालं. गाव फौजींचं, म्हणून तुकडं करून ट्रेलरवर आणलं, परत जोडलं, अन् कृष्णंकाठच्या माळावर उभं केलं.

"आता तरी आत चल की," भाऊसो म्हणला. "इंजानबी काढलंय. दावणीच्या म्हाताऱ्या बैलाला काय भ्यायचं?"

साळूबाई त्याच्या मागनं जीव मुठीत धरून चढली. आत गार अंधार.

भायेर गावानं पुजा मांडली. नारळ फुटला. सरपंच हंबीरराव वरडला, "आरं, चाकाखाली लिंबू ठेवा! लिंबू चिरडल्याबिगर कुठली गाडी पुजत्यात व्हय? काढा ते चाकाम्होरलं ठोकळं, लावा जोर!"

विमान हाललं. लिंबू चिरडलं. टाळ्या पडल्या. पर विमान काय थांबंना! माळ उताराचा. खाली ऊस, अन् उसाच्या खाली नदी.

"आवं, हे निघालं कुठं?" साळूबाई वरडली.

"पट्टा धर, पट्टा!"

"बिरेक दाबा की!"

"सगळं काढून घेतलंय, साळे! दाबू काय, डोंबल?"

मागच्या उघड्या दारातनं दिसलं, हंबीरराव शेपटाला बांधलेल्या दोरीला लोंबकळत फरपटत येतोय. साळूबाईला देवाचं नावबी आठवंना. भाऊसोनं तिचा हात असा आवळला, की बांगड्या मनगटातच फुटल्या. "साळे," तो म्हणला, "जल्मात पयल्यांदा भ्यालोय."

बांध आला. विमान हातभर उडालं अन् धाडदिशी उसात घुसलं. ऊस कडाकडा मोडला, चाकं पाटाच्या चिखलात रुतली. नाक थेट दरडीवर. खाली नुसतं पाणी.

मग मागनं हंबीरराव कण्हत म्हणला, "लिंबू मातूर झ्याक चिरडलं, गड्या!"

साळूबाई खाली उतरली, पर नवऱ्याचा हात काय तिनं घर येईस्तवर सोडला न्हाई.

आता विमान उडालं का, ते इचारू नका. उडालं म्हंजी उडालं! फकस्त भाऊसो 'भ्यालोय' म्हणला न्हवता. तवा त्याच्या तोंडातनं आवाजच फुटला न्हाई. तेवढं मी घातलं.