यादीतलं पहिलं घर

"ही बाटली माझ्या नळाखाली धरायची नाही," दादा म्हणाला आणि नळासमोर आडवा उभा राहिला.

"बाजूला हो. पाणी तासभरच असतं. मला अजून सहा घरं करायची आहेत."

"मग ती कर आधी."

"ती करेपर्यंत पाणी जाईल. तुला तेच हवंय."

दादाने नळावर हात ठेवला. त्याच्या पाठीमागे भिंतीलगत मोटर घरघरत होती. साठीचा भाऊ दात घासायचा ब्रश हातात धरून नळाची राखण करतोय आणि पन्नाशीची बहीण बर्फाचा डबा घेऊन त्याच्यासमोर उभी आहे, हे पाहून वहिनी स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "अहो, घेऊ द्या ना तिला. काय नळ घेऊन जाणार आहे का ती?"

दादा अर्धं पाऊल सरकला. तिने तेवढ्यावर भागवलं. आधी हात लांब करून मोटरीचं बटण बंद केलं. मग स्पिरिटचा बोळा पेटवून नळाचं तोंड भाजलं, पाणी थोडं वाहू दिलं, बाटली भरली, झाकण लावलं आणि चिठ्ठीवर घराचा क्रमांक लिहिला. इतर घरी लिहायची तसाच, स्वच्छ अक्षरात.

शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रातल्या प्रयोगशाळेत तिला सत्तावीस वर्षं झाली होती. नदीचं गढूळ पाणी तिथे यायचं, तुरटीने गाळ खाली बसायचा, वाळूतून पाणी गाळलं जायचं, शेवटी क्लोरीन. पण केंद्रातून पाणी चांगलं निघालं म्हणजे घरात चांगलं पोचलं असं नाही, म्हणून गल्ल्यागल्ल्यांतून नमुने आणायचं काम तिच्याकडे होतं. लोक तिला 'बाटलीवाली' म्हणत. गल्लीतली पोरं तोंडावर 'बाटलीवाली आत्या' म्हणत. तिचं काही अडत नसे. लग्न का केलं नाही असं कोणी विचारलं तर "वेळ मिळाला नाही" म्हणून ती मोकळी होई.

महिनाभरात त्यांच्याच गल्लीत अकरा माणसं आजारी पडली होती. शेजारच्या शिंपिणीची मुलगी काविळीने दवाखान्यात होती, तिसरा आठवडा. शिंपीण रोज संध्याकाळी तिला गाठून विचारायची, "पाण्याचं असेल का हो हे?" आणि तिला म्हणावं लागायचं, "तपासल्याशिवाय कसं सांगू?"

दुसऱ्या दिवशी तिने तपासणीच्या कपाटाचं दार उघडलं. केंद्रातल्या पाण्याच्या बाटल्या जशाच्या तशा होत्या. गल्लीतल्या सातही काळ्या पडल्या होत्या. म्हणजे पाण्यात मैला होता. सगळ्यात काळी कोणाची, ते चिठ्ठी न वाचताही तिला कळलं.

साहेबांनी बाटल्या पाहिल्या आणि चष्मा काढला. "क्लोरीन वाढवू या थोडं."

"क्लोरीन पुरेसंच आहे, साहेब. गल्लीत मोटरी आहेत. सगळ्या एकदम सुरू झाल्या की पाइप रिकामा पडतो आणि जिथे फुटका असेल तिथून गटार ओढतो. तुम्ही इथे कितीही औषध ओता."

"बरं, मग अहवालात 'गल्लीतील काही घरे' असं लिहा. क्रमांक कशाला? पहिला क्रमांक तुमच्याच घराचा येतोय, बाई."

"म्हणूनच लिहायचा. आमचं गाळलं तर बाकीचे सहा माझ्या तोंडावर हसतील."

"घरी भांडण होईल."

"ते माझं मी बघते. तुम्ही सही करा."

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं, चहा मागवला, फोन आल्याचं निमित्त केलं. ती खुर्चीसमोरून हलली नाही. चहा निवला तेव्हा सही झाली. त्याच संध्याकाळी तिने गल्लीतलं प्रत्येक दार वाजवलं आणि पाणी उकळूनच प्या, मोटरी बंद ठेवा, असं सांगितलं. कोणी हो म्हणालं, कोणी "तुझ्या भावाला सांगितलंस का?" म्हणालं.

भावाला शेवटी सांगितलं. कारण ते सगळ्यात अवघड होतं.

गल्लीत एकोणीस मोटरी होत्या आणि त्या सगळ्या दादाने बसवल्या होत्या. चाळीस वर्षं पंप मेकॅनिक म्हणून काढलेला माणूस. वडील गेले तेव्हा ती सहा वर्षांची होती. दादाने शाळा सोडून हातात पाना धरला आणि तिला शिकवलं. या नोकरीचा अर्जसुद्धा त्याने स्वतः नेऊन दिला होता.

"माझ्या घरात राहून माझ्यावर रिपोर्ट," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"तुझ्यावर नाही. पाण्यावर."

"माझी मोटर पाणी ओढते. घाण नाही ओढत."

"मोटरीला काय कळतंय दादा, काय ओढायचं ते? तिला जे मिळेल ते ती ओढते."

"चार माणसांत मान आहे माझा."

"त्या चारांपैकी एकाची पोर दवाखान्यात आहे."

वहिनी दोघांच्या मधे ताटं घेऊन उभी होती. दादा न जेवता उठला. त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही.

चार दिवसांनी पाणीखात्याची माणसं मोटरी काढायला आली. दारं बंद झाली, गच्च्यांवर माणसं जमली. कोणीतरी वरून म्हणालं, "आधी बाटलीवालीची काढा, मग बघू." त्याला वाटलं आपण तिला पेचात पकडलं.

"या," ती फिटरला म्हणाली आणि त्याला थेट अंगणात घेऊन आली.

फिटरने पाना लावला. तो एक नंबर मोठा होता, नटावरून घसरला. दुसऱ्यांदाही घसरला. ओट्यावर बसलेला दादा उठला, फिटरच्या हातातून पाना काढून घेतला, बाजूला ठेवला, आतून स्वतःचा आणला आणि गुडघ्यांवर बसून आपली मोटर आपणच काढली. बोल्ट एका कागदात गुंडाळले. कोणाकडे न बघता आत गेला. त्यानंतर बाकीची अठरा दारं फारशी कटकट न करता उघडली.

फुटका पाइप गटाराखाली सापडला. भोक अंगठा जाईल एवढं. तो बदलला आणि गल्लीतलं पाणी चांगलं झालं, पण बारीक झालं. वरच्या मजल्यांवर चढेना. माणसं बादल्या उचलत जिने चढू लागली आणि प्रत्येक पायरीला तिचा उद्धार करू लागली. शिंपिणीची मुलगी घरी आली. शिंपीण एकटी तिच्याशी नीट बोले. घरात दादा "तिला सांग, दिवा बंद कर" असं वहिनीमार्फत सांगे. ती दिवा बंद करी. नमुने घेणं मात्र तिने बंद केलं नाही.

पुढच्या महिन्यात कोपऱ्यावरच्या वाण्याने तिला दारातच अडवलं. आतून घरघर ऐकू येत होती. धान्याच्या पिंपांमागे नवी मोटर बसली होती.

"नमुना मिळणार नाही. काय करायचं ते कर."

"बसते," ती म्हणाली आणि डबा मांडीवर घेऊन त्याच्या पायरीवर बसली.

"गिऱ्हाईकं येतात इथे."

"येऊ देत. का बसलीस विचारलं तर सांगेन."

वाणी तणतणला, पोलिसांना बोलवायची धमकी दिली, येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघून हात जोडले. अर्धा तास गेला. समोरून दादा आला. बायका बादल्या खाली ठेवून बघत राहिल्या. तिने मान वर केली नाही.

"बघा ना, तुमच्या बहिणीला समजवा जरा," वाणी म्हणाला.

"ती उठणार नाही," दादा म्हणाला. "सहा वर्षांची असल्यापासून मी वाढवलंय तिला."

आणि तो त्याच पायरीवर बसला. दुसऱ्या टोकाला, तोंड रस्त्याकडे करून.

थोड्या वेळाने आतली घरघर थांबली. वाणी दारातून बाजूला झाला. ती लगेच उठली नाही.