चाळीस इंचांचं खोटं

मी एक जुनी टेप आहे, मित्रांनो; शिंप्याच्या गळ्यात आयुष्य काढलेली. एकदा मी सर्कशीतल्या हत्तीच्या पोटाचं माप घेतलं, तेव्हा हत्तीनं लाजून श्वास आत ओढला होता. ही गोष्ट मानायची की नाही, ते तुम्ही ठरवा. पुढची मात्र खरी आहे, आणि तीच मला अजून नीट उमगलेली नाही.

नवी होते तेव्हा मी पिवळीधमक, टोकांना पितळी टोप्या. शिंपी म्हणायचा, "माणूस पोट आत घेईल, पण माझी टेप फसायची नाही." पुढे माझे आकडे पुसट झाले, कौतुकही पुसट झालं. एका वर्षी शाळेच्या गणवेशांची गाठोडी सायकलला बांधायला दोरी सापडेना, तेव्हा त्यानं मलाच करकचून आवळलं. मग ती सवयच पडली.

त्याच सुमारास शेजारचा बेकरीवाला, शिंप्याचा लहानपणापासूनचा दोस्त, दर पहिल्या तारखेला कंबर मोजून घेऊ लागला. हृदयाचं दुखणं होतं. बेचाळीसची कंबर चाळिसाच्या आत आणा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आधी बेचाळीस, मग एक्केचाळीस, मग चाळीस! खुशीत तो दोन बिस्किटं जास्त खायचा. जुन्या विजारी आवळायला लागल्या, तर त्याचं खापर बायकोच्या धुण्यावर. नवी विजार मात्र चपखल बसायची. कापडही माझ्यानंच मोजलेलं ना.

एके दुपारी शिंप्याच्या बायकोनं मला टेबलावर लाकडी पट्टीशेजारी पसरलं. पट्टीचे चोवीस इंच संपले, आणि माझा चोवीसचा आकडा पावणेदोन इंच पुढे. गाठोड्यांनी मला ताणून लांब केलं होतं. ती नवऱ्याला म्हणाली, "एवढ्यात नका सांगू. किती खूश आहेत भावजी."

पहिल्या तारखेला शिंप्यानं विकत आणलेली नवी टेप खणात सरकवली आणि मलाच उचललं.

"चाळीस," तो म्हणाला, खाली बघून.

मित्रांनो, इथेच माझं डोकं चक्रावतं. मागच्या महिन्यातही मी चाळीसच सांगितले होते. तीच मी, तोच आकडा. मग तेव्हा चूक होती, ते आता खोटं कसं झालं?

आठवड्यानं बेकरीवाला दुकानाच्या तीन पायऱ्या चढला आणि बाकावर बसून धापा टाकू लागला. शिंप्याची कात्री थांबली. त्यानं सगळं सांगून टाकलं. टेप जुनी झाली म्हणून सुटता आलं असतं, पण गाठोडी आपणच बांधली, हेही सांगितलं.

"मागच्या खेपेला तुला माहीत होतं?"

"होतं."

बेकरीवाला उठून गेला. चार दिवस फिरकला नाही. तेवढ्या दिवसांत शिंप्यानं एका शर्टाला तीन बाह्या लावल्या.

पाचव्या दिवशी बेकरीवाला स्वतःची पट्टी काखेत मारून आला. नवी टेप पट्टीला लावून पाहिली, मगच हात वर केले.

"त्रेचाळीस," शिंपी म्हणाला.

"बरं. आता बिस्किटं बंद."

तेव्हापासून तो दर महिन्याला पट्टी घेऊन येतो. शिंपी टेबलावर पट्टीपुरती जागा करून ठेवतो.

मी आता खिळ्यावर असते. मित्रांनो, टेपेनं गाठोडी बांधू नका. आणि बांधलीत, तर आपल्या माणसाला लगेच सांगा, पहिल्या तारखेची वाट बघू नका.

परवा बेकरीवाला रिकाम्या हातानं आला. शिंप्यानं मोजलं, एक्केचाळीस आले. बेकरीवाल्यानं नुसती मान डोलावली. पट्टी विसरला होता की मुद्दाम घरी ठेवून आला होता, ते मला अजून कळलेलं नाही.