शिवेवरचा जावई

सांताक्रूझच्या विमानतळावर जगदेव आपल्या पत्र्याच्या ट्रंकेवर बसला तो बसलाच. आफ्रिकेतल्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची यंत्रं दुरुस्त करून तो विमानानं परतला होता. जकातवाल्यांनी ट्रंक उचकटली, खडूची फुली मारली आणि म्हणाले, "जा."

"नाई जात. या दाराभायेर शहर हाय. आमच्याकडं जावई आपल्या पायानं शिव ओलांडत नाई. सासरा वाजवत घ्यायले येते."

खरं दुखणं किन्हीराजा या सासरच्या गावाच्या शिवेवरचं होतं. लग्नाच्या दिवशी सासऱ्यानं, म्हणजे नानाजीनं, नवरदेवाला दिवेलागणीपर्यंत गावाबाहेर निंबाखाली बसवून ठेवलं होतं. "जिनातला पोरगा हाय, बसू द्या. तवरक आंगावरचा कापूस तरी उडून जाईन!" ना डफडं, ना नारळ. शेवटी कोतवाल आला, तांब्याभर पाणी घेऊन. ते पाणी जगदेवच्या घशाखाली अजून उतरलं नव्हतं.

त्यानं किन्हीराजाला तार ठोकली: शिवेवर बसलो आहे, वाजवत या.

तार पोचून सासरा येईस्तोवर जगदेवनं तिथं बिऱ्हाडच मांडलं. हमाल दाढीचं पाणी आणून देत. एक गोरा वैमानिक तर त्याच्या पाया पडल्याशिवाय विमान हलवीना. यातलं निम्मं सोडून द्या, तरी निम्मं उरतंच.

अखेर लाकडी जाळीपलीकडं नानाजीचा फेटा दिसला. मागं लेक तुळसाबाई, म्हणजे जगदेवची बायको, आणि दोन डफडेवाले. नानाजी शिरला नेमका जाणाऱ्यांच्या दारानं. बाबूनं त्याला परदेशी निघालेला समजून काट्यावर चढवलं.

"अरे, मी काय सरकीचं पोतं हाय? मले कायले तोलून राह्यले?"

तिथून त्याला जिन्यावर पिटाळलं, जिन्यावरून खाली, खालून थेट बाहेर. पुन्हा आत, पुन्हा काटा. जगदेवनं एक हाक मारली असती तर काम भागत होतं. त्यानं तोंडात सुपारी टाकली आणि चवीनं चघळत राहिला.

फेटा गळ्यात आला तेव्हा कुठं नानाजी समोर पोचला. "जावईबापू..."

"आधी वाजवा."

डफडी कडाडली. टिळा लागला, नारळ हातात आला. जगदेव टॅक्सीत तुळसाबाईशेजारी ऐटीत बसला आणि म्हणाला, "आता रीतीनं न्या. मी सवारीत, तुमी पुढं चालत."

निघाली मिरवणूक. मागं खोळंबलेल्या गाड्यांची रांग पार विमानाच्या शेपटीला टेकली.

"भरलं का तुमचं पोट?" तुळसाबाईनं विचारलं. "बाप म्हातारा हाय माहा."

"अजून अर्धी भाकर बाकी हाय."

माहीमच्या खाडीशी नानाजी थांबला, चौकीतल्या हवालदाराशी काही बोलला आणि वळला. तोंडावर तेच किन्हीराजाचं हसू.

"जावईबापू, घोटाळा झाला! मुंबई शहर खाडीच्या तिकडून सुरू होते म्हनते. इकडचं सारं उपनगर. शिव तं हे हाय! तितलं वाजवनं वाया गेलं."

"मंग?"

"मंग काय, उतरा. मी शहरात जाऊन रीतसर वाजवत येतो."

जगदेवनं बायकोकडं पाहिलं. तिनं सरकून बापाला जागा केली. "रीत तुमचीच हाय जी."

ट्रंक रस्त्याकडेला उतरली. डफडेवाले पुढं कोंबले गेले आणि टॅक्सी भुर्रकन खाडीपार झाली.

चार पावलं टाकली की शहर. पण साऱ्या विमानतळाला शिवेची रीत शिकवून आलेला माणूस, पाय उचलणार कसा? जगदेव ट्रंकेवर बसला. खाडीवर दिवे लागले.

हवालदार चौकीतून बाहेर आला. त्याच्या हातात तांब्या होता.

"पाणी घे, बाबा. तुला तहान लागेल, असं तुझे सासरे मघाशीच सांगून गेलेत."